वरचा मजला

चष्म्याची काडी मोडली म्हणून डॉक्टर सिंधू त्या सोमवारी दुपारी स्वतःच बाजारात, गंजगोलाईत गेली. एरवी काही हवं असलं की ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहून खाली सांगायची आणि ती वस्तू वर यायची. अकरा वर्षं तिचं असंच चाललं होतं. खाली दवाखाना, वर घर, मध्ये अठरा पायऱ्या. चष्मेवाला म्हणाला, अर्धा तास लागेल. ती दुकानाच्या बाहेर सावलीत येऊन उभी राहिली. चष्मा नसल्यामुळं गोलाईतली दुकानं, सायकली, माणसं सगळी एकमेकांत मिसळलेली दिसत होती आणि तिला ते बरं वाटत होतं. चेहरे ओळखू येत नव्हते म्हणजे कुणाचे पाय सुजलेत, कुणाचे डोळे आतून पांढरे पडलेत, हेही पाहावं लागत नव्हतं. वैशाख होता. लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चाललं होतं आणि पाऊस नसल्याचं दुसरं. कलेक्टर कचेरीचे कर्मचारी नवीन कॉलन्यांत राहायला आले होते, त्यांच्या बायका दवाखान्यात स्वतंत्र खोली मागत होत्या, आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं.

"बाई, गावाहून कवा आलात?" कुणीतरी खालून विचारलं.

भिंतीला टेकून एक म्हातारी अंगण झाडायचे शिंदीचे फडे विकायला बसली होती. सिंधूनं वाकून पाहिलं. कोंडाबाई. औशाच्या पुढं, फाट्यावरून आत असलेल्या चिंचोलीची. हिची सून सरजा. दोन मुलं पोटातच गेलेली, तिसऱ्या खेपेला नववा लागताना तपासली तर मूल आडवं. हे सगळं सिंधूला चेहऱ्याआधी आठवलं. माणसं तिला अशीच आठवत असत, पोटाकडून.

"मी कुठं गेले होते गावाला?" ती हसून म्हणाली.

"त्या मंगळवारी आल्तो की आमी. सरजाला घेऊन. तुमचे मालक मनले, बाई गावाला गेल्यात, सांजंला येतीन."

"मग?"

"मग बसलो. तुमीच मनला व्हता ना, मूल आडवं हाय, कळा लागल्या की सरळ माझ्याकडं या, दुसरीकडं जाऊ नका. मनून बसलो तीन वाजेपस्तोर. सरजाचं पाणी गेलं तवा उठलो, रिक्षानं सरकारी दवाखान्यात नेलं." कोंडाबाईनं हातातला फडा बाजूला ठेवला. "तितल्या डाक्टरनं लई केलं. पोट फाडून सरजा वाचली. लेकरू गेलं. पोरगा व्हता."

सिंधू तशीच वाकलेली राहिली. कंबरेत कळ आली तरी तिला सरळ होता येईना. "सरजा कशी आहे?" तिनं विचारलं.

"पडून हाय. ताप येतोय चार रोज झाले. टाके काढून घरी आणलं अन् मग ताप." मग कोंडाबाई म्हणाली, "तुमची तबेत बरी हाय ना? वाळल्यासारक्या दिसून राहिलात."

चष्मा घेऊन ती परत निघाली. आता सगळं स्वच्छ दिसत होतं. मंगळवार, बारा-तेरा दिवसांपूर्वीचा. तो मंगळवार तिला चांगला आठवत होता, कारण तो सुखाचा गेला होता. अकरा वाजता लक्ष्मीबाई आया वर येऊन म्हणाली होती की खाली आता तपासायला कुणी नाही, बाई, तुम्ही जरा पडा. कुणी नाही हे शब्द तिनं उसाच्या रसासारखे घोटाघोटानं प्यायले होते. गेल्या कित्येक महिन्यांत दिवसाउजेडी आडवं होणं तिला माहीत नव्हतं. तिनं खिडक्या लावल्या, पंख्याखाली चटई टाकली, फरशीचा गारवा पाठीला लागला आणि तिला उदगीरचं घर आठवलं, शाळेतून आल्यावर मास्तर असलेल्या वडिलांच्या वह्यांच्या गठ्ठ्याशेजारी ती अशीच पडायची. त्या दिवशी तिला झोप लागली नव्हती, पण झोपेहून चांगलं काहीतरी लागलं होतं. कुणाला आपण नको आहोत, निदान आज नको आहोत, याचं ते सुख होतं. गेल्या दिवाळीपासून असे दिवस अधूनमधून येत. आठवड्यातून एखादा, कधी दोन. ती ते दैवाकडून आल्यासारखे घेत असे. दुष्काळामुळं बायांना एसटीच्या तिकिटाला पैसे नसतील, असं तिला वाटत असे. असं वाटून ती कड बदलत असे. खाली उतरून पाहावं, असं एकदाही वाटलं नव्हतं.

आणि "दुसरीकडं जाऊ नका"? रिक्षात ती तेच शब्द उलटसुलट करून पाहत होती. सरजाला ते तिनं काळजीनं म्हटलं होतं. मूल आडवं असताना गावातल्या सुईणीकडं जाऊ नये, इकडंतिकडं वेळ घालवू नये म्हणून. पण ती हे सगळ्यांना म्हणत असे. मूल सरळ असलेल्यांनाही. हे वाक्य ती कुठं शिकली? औरंगाबादच्या कॉलेजात तर कुणी शिकवलं नव्हतं. दवाखाना नवा होता तेव्हा, पहिल्या वर्षी, गुरुलिंग म्हणजे तिचा नवरा जेवताना म्हणाला होता, "तू तपासतेस चांगलं, पण माणसाला बांधून घेत नाहीस. आमच्या आडतीवर शेतकरी आला की बाबा त्याला म्हणायचे, माल कुठं दाखवू नको, सरळ इथं आण. एवढं एक वाक्य. त्यावर दुकान चाललं." ती तेव्हा हसली होती. कधीतरी नंतर ते तिच्या तोंडात येऊन बसलं, आणि आता ते काळजीचं होतं की दुकानाचं, हे तिला सांगता येत नव्हतं. बहुतेक दोन्हींचं. सासऱ्यांचा आवाज आणि तिचा हात, असं मिळून ते सरजाच्या पोटावर ठेवलं गेलं होतं. आणि सरजानं ते मानलं.

दवाखान्याच्या दारावर पाटी होती, शांतम्मा प्रसूतिगृह. सासूबाईंचं नाव. दारातून आत गेलं की डाव्या हाताला लाकडी कठडा, त्यामागं गुरुलिंग. पांढरा शर्ट, कपाळावर भस्माच्या पुसट रेघा, समोर नावांची वही. आडत भावांना सोडून तो इथं बसला होता. गोलाईतले त्याचे जुने दोस्त त्याला बायकोचा कारकून म्हणत आणि तो ते ऐकून येऊन सांगत असे, हसत. त्याचं हसणं अलीकडं कमी झालं होतं. जिल्हा झाल्यापासून शहरात चार नवे दवाखाने निघाले होते. त्यातल्या एकात भिंतींना गुलाबी रंग होता. गुरुलिंग तो बाहेरून पाहून आला होता आणि दोन दिवस गप्प होता.

"वर या जरा," ती म्हणाली.

तो वर आला. तिनं उभ्याउभ्याच विचारलं, "त्या मंगळवारी कोंडाबाई आली होती का?"

त्यानं आठवल्यासारखं केलं नाही. "आली होती."

"मी गावाला गेले म्हणून सांगितलं तुम्ही."

"हो." तो पलंगाच्या कडेला बसला. "टँकर आला नव्हता. हौदात वीतभर पाणी. आत सात बाया, त्यातल्या दोघी त्या दिवशीच्याच बाळंत. आठवी कुठं घेऊ? तिचं तर पोट फाडावं लागलं असतं. त्याला किती पाणी लागतं, तूच सांगतेस."

"मग पाणी नाही म्हणून सांगायचं. सरकारी दवाखान्यात लगेच जा म्हणायचं."

"सिंधू, पाणी नाही म्हटलं की संध्याकाळपर्यंत गावभर होतं. शांतम्मात पाणी नाही. मग टँकर आला तरी माणूस येत नाही. आणि सरकारीत जा म्हटलं की पुढच्या खेपेला ती तिकडंच जाते, तिची जाऊही तिकडंच जाते. बाई गावाला गेल्यात म्हटलं की माणूस परत येतो." तो हे फार सावकाश बोलत होता, शिकवल्यासारखं नाही, दमल्यासारखं. "मला काय माहीत ती बसून राहील? मला वाटलं गेली. कळा येतात तशी ती पोरगी ओरडतही नव्हती."

ओरडत नव्हती. सिंधूला त्याचंही कारण ठाऊक होतं. हल्ली लक्ष्मीबाई तपासणीला आलेल्या खेड्यातल्या बायांना आधीच सांगत असे, इथं आरडाओरडा करायचा नाही, आत साहेब लोकांच्या बायका असतात. हे तिच्या देखत सांगितलं जात असे आणि तिला ते शिस्तीचं वाटत असे.

"अशा किती जणींना सांगितलंत?"

"दिवाळीपासून? मोजलं नाही." मग त्यानं तिच्याकडं पाहिलं. "तूच म्हणालीस. दिवाळीच्या आधी, इथंच जेवताना. मला आता होत नाही, म्हणालीस. ताट तसंच ठेवून उठलीस. मग मी काय करायचं? दार मी बंद करायचं नाही तर कुणी करायचं? पाणी आलं तरी काही दिवस मी कमी बाया घ्यायला लागलो. तुला झोप मिळावी म्हणून. आणि तू विचारलं नाहीस."

हे खरं होतं. ती भांडायला उभी होती आणि भांडण तिच्या हातातून गळून पडलं. तिला तो ताटाचा दिवस आठवला, भाकरीचा मोडलेला तुकडा आठवला. आपण एक वाक्य बोललो आणि ते खाली उतरून गेलं, अठरा पायऱ्या, आणि खाली जाऊन त्याचं धोरण झालं. वर फक्त शांतता पाठवली गेली. ती शांतता तिनं घेतली.

"लेकरू गेलं त्यांचं," ती म्हणाली.

गुरुलिंगनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि तो हातांकडं पाहत राहिला. खालून कुणीतरी मालक, मालक म्हणून हाक मारली तरी तो लगेच उठला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एसटीनं निघाली. गुरुलिंग जीप करून देतो म्हणाला, ती नको म्हणाली. पिशवीत औषधं, इंजेक्शनं, पट्ट्या. फाट्यावर उतरून चालत. दोन्ही बाजूंना शेतं नांगरून तशीच पडलेली, ढेकळांची, आणि दूर रोजगार हमीच्या कामावर बायांची रांग, डोक्यावर पाट्या. त्यातल्या किती जणी माझ्या दारावरून परत गेल्या असतील, असं तिच्या मनात आलं, आणि मग लक्षात आलं की आपण त्यांना ओळखणारही नाही. ज्या आत आल्या त्या तिच्या. ज्या आल्या नाहीत त्यांची पोटं तिनं पाहिलेली नव्हती, म्हणून त्यांना चेहरेही नव्हते. एवढ्या वर्षांत ती कुठल्याच पेशंटच्या घरी गेली नव्हती. सुरुवातीला एकदा निघाली होती, तर सासूबाई म्हणाल्या, डॉक्टरीण घरोघर गेली की तिची किंमत राहत नाही. तेही तिनं मानलं होतं. तिचं मानणं फार सोपं होतं, तिला वाटलं. आयुष्यभर कुणीतरी तिच्यासाठी दार सांभाळलं होतं आणि ती आत बसून चांगलं काम करत आली होती. काम चांगलं होतं, यात शंका नव्हती. त्यामुळंच तर बाकीचं पाहायचं राहून गेलं.

कोंडाबाईचं घर गावाच्या कडेला, पत्र्याचं. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली सरजा गोधडीवर पडलेली. वीस-एकवीस वर्षांची. सिंधूला पाहून ती उठायला लागली. सिंधूनं तिला तसंच राहायला सांगितलं, हात धुतले. कोंडाबाईनं एक तांब्या पाणी ओतलं हातावर, जपून, बारीक धार. पोटाचे टाके स्वच्छ होते. सरकारी डॉक्टरनं नीट काम केलं होतं, त्याच्याहून वेगळं काही तिनंही केलं नसतं. ताप तिथला नव्हता. डावा स्तन दगडासारखा झाला होता, लाल, हात लावला की सरजा दातांखाली ओठ धरत होती. प्यायला कुणी नव्हतं आणि दूध आलं होतं. तेरा दिवस ते येत होतं. आतल्या एका जागी पू धरला होता.

"दुखेल. ओरडलीस तरी चालेल," सिंधू म्हणाली.

सरजानं मान हलवली, पण ओरडली नाही. सिंधूनं भूल टोचली, बारीक छेद घेतला, पू वाहू दिला, कापडाची वात बसवली, पट्टी बांधली. काम करताना तिचे हात शांत होते. हाताला नेहमीच सगळं ठाऊक असतं, बाकीची सिंधू मागाहून येते. इंजेक्शन दिलं, गोळ्या मोजून दिल्या, शेक कसा द्यायचा, दूध कसं काढून टाकायचं ते दाखवलं. सगळं झाल्यावर ती जमिनीवरच बसली. तिनं रस्ताभर एक वाक्य जुळवलं होतं. ते आता तिला म्हणायचं होतं आणि म्हटल्यावर या दोघींनी तिला काहीही म्हणावं, अशी तिची तयारी होती. किंबहुना त्यांनी म्हणावं, असं तिला वाटत होतं. कुणीतरी एकदा जोरात बोलावं.

"कोंडाबाई, मी त्या दिवशी गावाला गेले नव्हते," ती म्हणाली. "मी घरीच होते. वरच्या मजल्यावर."

कोंडाबाई चुलीपाशी होती. तिनं मागं न पाहताच म्हटलं, "ठावं हाय."

सिंधूला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"पुढल्या बाजूला ऊन व्हतं मनून आमी मागं जाऊन बसलो, जिन्याच्या खाली, सावलीला. वर तुमचा आवाज आल्ता. लक्ष्मीबाईला चहा टाक मनलात. मंग थोड्या येळानं साखर लई झाली मनलात." कोंडाबाई आता वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सिंधू शोधत होती, पण नव्हता. "म्या सरजाला मनलं, बाई वरच हायत. दमल्या असतीन. लोकं दम घेऊ देत न्हाईत त्यान्ला. जरा पडतीन अन् येतीन खाली. तवर धर मनलं कळ."

"हाक का नाही मारली?" सिंधूच्या तोंडातून निघालं. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "एक हाक मारायची होती."

"कशी मारावं? मालक मनले न्हाईत. मंग न्हाईतच की."

सरजा छताकडं पाहत होती. तिनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "मला वाटलं, आता येतीन," ती म्हणाली. "दर येळला पायरी वाजली की वाटायचं."

परतीच्या एसटीत सिंधू खिडकीशी बसली होती. तिला रडू आलं नाही. ती चहाची चव आठवायचा प्रयत्न करत होती, तो कप, ती साखर, पण काहीच आठवेना. तिच्या सुखाच्या दिवसात तो चहा नव्हताच. ती प्यायली, लक्षातही राहिला नाही, आणि खाली दोघींनी तो तिच्यासाठी जपून ठेवला होता. साखर लई झाली. दमल्या असतीन. शिव्या दिल्या असत्या तर त्या कुठंतरी ठेवता आल्या असत्या. ही दया ठेवायला तिच्याकडं जागा नव्हती. बाहेर ऊन उतरत होतं आणि शेजारची बाई मांडीवरल्या पोराला वारा घालता घालता तिलाही वारा घालत होती, नकळत.

स्टँडवर गुरुलिंग स्कूटर घेऊन उभा होता. "कशी आहे ती पोरगी?" त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. जिन्याखालचं मात्र तिनं सांगितलं नाही. ते तिला एकटीलाच मिळालं होतं. घरी आल्यावर हातपाय धुताना ती म्हणाली, "उद्यापासून कुणाला नाही म्हणायचं असेल तर मी म्हणेन. दारात बसून. काय कारण असेल तेच सांगून."

"तुला जमणार नाही," तो म्हणाला. चिडून नव्हे. "आणि तपासायचं कुणी?"

"तिथंच तपासेन. आडोसा करा."

"लोक काय म्हणतील?"

तिनं हात पुसले. उत्तर त्यालाही नको होतं बहुतेक. सकाळी तिनं पाहिलं तर त्यानं कठड्याशेजारी तिची खुर्ची आणून ठेवली होती आणि हिरवा पडदा तारेवर ओढला होता. स्वतः तो मागच्या खोलीत टँकरवाल्याला फोन लावत होता. आवाज चढवत, मग उतरवत, मग हात जोडल्यासारखा.

टँकर आला नाही. अकरापर्यंत तिनं पाच जणी घेतल्या. सहावीला, हणमंतराव नावाच्या एका माणसाच्या बायकोला, कळा सुरू झालेल्या होत्या. मूल सरळ होतं, वेळ होता. सिंधू उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्याकडं आज पाणी नाही. तुम्हाला घेता येणार नाही. हिला आत्ता सरकारी दवाखान्यात न्या. मी चिठ्ठी देते, काळजीचं काही नाही."

हणमंतरावानं चिठ्ठी घेतली नाही. तो धोतराचा सोगा हातात धरून उभा होता, उन्हातून आलेला. "पाणी न्हाई?" तो म्हणाला. "मग येवढी मोठी पाटी कामून लावली? माणसं मराया? गरीब दिसलो मनून पाणी संपलं का तुमचं? साहेबाच्या बायकोला असंल की!" तो मोठ्यानं बोलत होता आणि सगळी ओसरी ऐकत होती. त्याची बायको त्याची बाही ओढत होती, चला, चला म्हणत होती. त्यानं आणखी एक शिवी दिली, सिंधूच्या आईवरून. अशी शिवी सिंधूनं रस्त्यावर ऐकली होती, स्वतःला मिळालेली नव्हती.

मागच्या खोलीचं दार उघडलं. गुरुलिंग तिथं फोनचा रिसीव्हर हातात धरून उभा राहिला. तो पुढं आला नाही. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि ते पाहून तिला कळलं की हे त्यानं किती वर्षं ऐकलं असेल आणि यातलं एक अक्षरही कधी वर येऊ दिलं नव्हतं.

तिनं चिठ्ठी त्या बाईच्या हातात दिली, तिची मूठ मिटली, आणि रिक्षापर्यंत तिच्याबरोबर चालत गेली. हणमंतराव रिक्षात बसतानाही बोलतच होता. रिक्षा वळली. ऊन डोक्यावर आलं होतं. ओसरीवर अजून चार बाया होत्या, आणि त्या चौघी आता तिच्याकडं वेगळ्या नजरेनं पाहत होत्या, आपला नंबर कुठला, हे शोधत. सिंधू आत येऊन खुर्चीवर बसली. तिनं चष्मा पुसला.

"या," ती पहिलीला म्हणाली. "किती लांबून आलात?"